पट्ट्याला घडी पडू द्यायची नसते

(१९९०च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातलं भाषण. जसं बोललो तसंच लिहून दिलं आहे.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा मी नाहीच म्हणालो होतो. आपल्या तुकडीत डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत, तहसीलमध्ये मोठ्या खुर्चीवर बसलेले आहेत. मी गॅरेजवाला, मी काय बोलणार? मग आपल्या विज्ञानाच्या सरांनी स्वतः फोन घेतला आणि म्हणाले, "रोज तुझ्या हाताखालून जे जातं ते सांग. दुसऱ्याचं सांगू नको." सरांनी सांगितल्यावर तेव्हाही सुटका नव्हती, आताही नाही.

तर मी मोटारसायकलच्या मागच्या चाकाविषयी बोलणार आहे. इंजिनात किंवा मोटारीत तयार झालेली ताकद त्या चाकापर्यंत नेतं कोण? आपल्या गाड्यांत चेन. आता काही गाड्यांत बेल्ट आलाय. या बेल्टपायी माझ्या हातून एक चूक झाली, तीही सांगायची आहे. ती ज्या वर्गमैत्रिणीच्या बाबतीत झाली ती इथंच बसलेली आहे. तिला विचारूनच बोलतोय. नाव घ्यायचं नाही, एवढी तिची अट आहे.

सुरुवात आमच्या गिरणीपासून करतो. शाळेच्या मागं बाजारतळाच्या कडेला आमची पिठाची गिरणी होती. तुमच्यातल्या निम्म्याजणांनी तिथं ज्वारीचा डबा डोक्यावर आणलेला आहे. एका बाजूला डिझेल इंजिन, त्याची मोठी पुली, दुसऱ्या बाजूला जात्याची पुली आणि दोन्हींवर फिरणारा कापडाचा रबरी पट्टा. इंजिनाची पुली मधोमध जराशी फुगीर होती. मला वाटायचं, बनवणाऱ्याचा हात चुकला असेल. एकदा सर दळण घेऊन आले होते, त्यांनी मला तिथंच उभं करून समजावलं की सपाट पट्टा कायम उंचवट्याकडं चढतो, म्हणून पुली मधे फुगीर ठेवली की पट्टा आपोआप मधेच राहतो, बाहेर पडत नाही. विज्ञानाचा माझा खरा तास तो. वर्गातले बाकीचे मी विसरलो, सर माफ करा.

आमच्या अण्णांचे त्या पट्ट्याबद्दल नियम होते. तेलाचा हात लावायचा नाही. घसरायला लागला तर आतून राळ लावायची. आवाज बदलला की इंजिन बंद करून आधी पट्टा बघायचा. आणि रात्री पट्टा उतरवला की खिळ्यावर किंवा बारक्या खुंटीवर टांगायचा नाही. त्यासाठी अण्णांनी भिंतीत बाभळीचा जाड, गोल ओंडका बसवला होता, त्यावर टांगायचा. म्हणायचे, "घडी पडली की पट्टा मेला. फक्त त्याला ठावं नसतं." आठवीत असताना एकदा मी आळसानं खिळ्यावर टांगला आणि कानाखाली खाल्ली. दुसऱ्या दिवशी गाल सुजलेला बघून तुम्ही हसला होता, काहींना आठवत असेल.

पुढं बीडच्या आयटीआयला मोटार मेकॅनिक केलं, वाळूजला काही वर्षं काढली आणि २००१ला परत येऊन गॅरेज टाकलं. सुरुवातीला दूधवाल्यांच्या राजदूत, मग स्प्लेंडर, बॉक्सर, सीटी हंड्रेड. म्हणजे सगळं चेनचं काम.

आपल्याकडं चेन म्हणजे काय, हे दसऱ्याच्या तोंडावर माझ्या गॅरेजात येऊन बघा. ऊसतोडीला निघालेली जोडपी गाडी घेऊन येतात. मुकादमाची उचल हातात पडलेली असते, त्यातले थोडे गाडीसाठी बाजूला काढलेले असतात. गाडीवर दोघं, मधे लेकरू, मागं भांडी, अंथरूण आणि कोयते. सांगली-कोल्हापूरकडं जायचं, नाहीतर कर्नाटकात. सगळ्यांचं एकच म्हणणं, "भाऊ, चेन लई ताणलीय, दोन कड्या काढून द्या." तर चेन ताणत नसते, झिजते. प्रत्येक कडीत एक पिन असते, ती आतल्या बुशमध्ये केसाएवढी झिजते. शंभरावर कड्यांची ती केसाएवढी झीज एकत्र झाली की चेन बोटभर लोंबते. त्यावर आपले लोक जळकं ऑइल ओततात. काळ्या रानातली माती आणि जळकं ऑइल एकत्र झालं की त्याची घासायची पेस्ट होते. चेन कव्हर फेकून दिलं असेल तर विचारूच नका. दोन कड्या काढून उपयोग नसतो. दोन्ही स्प्रॉकेटचे दातही तोवर वाकलेले असतात, सगळा किटच बदलावा लागतो. पण एक आहे, चेन तुटली तरी रस्त्याच्या कडेला लॉक टाकून माणूस गावाला पोचतो. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

बेल्टची गाडी माझ्याकडं पहिल्यांदा २०१८ साली आली. एका कंत्राटदाराच्या पोरानं पुण्याहून सेकंडहँड हार्ले-डेव्हिडसन स्ट्रीट ७५० आणली होती. ही गाडी आपल्या देशात २०१४ला आली, हरियाणात बावलला तयार व्हायची. पोरगा म्हणाला, काका सर्व्हिसिंग करा. मी सवयीनं आधी मागं बसलो आणि चेन शोधायला लागलो. चेन नाहीच! काळा, रुंद, दातेरी पट्टा. मी ऑइलचा डबा उचलला. पोरगं दुकानातून ओरडत पळत आलं, "काका, तेल नका लावू!" माझी दोन पोरं हसली. तेव्हा अण्णा आठवायला पाहिजे होते. नाही आठवले.

मग मी जरा माहिती काढली. मोटारसायकलला बेल्ट ही नवी गोष्ट नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पुष्कळ मोटारसायकली चामड्याच्या पट्ट्यावरच चालायच्या. पावसात पट्टा घसरायचा, चढाला माणूस उतरून ढकलायचा, म्हणून चेन आली. दातेरी रबरी बेल्ट निघाला तो शिलाई मशीनसाठी, १९४०च्या दशकात अमेरिकेत. सुई आणि खालची बॉबिन यांचा मेळ चुकू नये म्हणून त्याला दात दिले. पण मोटारसायकलचा झटका त्या रबराला सोसणार नव्हता. १९६५ साली ड्यूपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक नावाच्या बाईंनी एक धागा शोधला, तोच पुढं केव्हलर म्हणून प्रसिद्ध झाला. वजनाला वजन धरलं तर पोलादाच्या पाचपट मजबूत. शोध चालला होता टायरसाठी, पुढं त्याची बुलेटप्रूफ जाकिटं झाली आणि बेल्टही झाले. हार्लेनं १९८०च्या स्टर्जिस मॉडेलला असा बेल्ट लावला, मग हळूहळू सगळ्या गाड्यांना. आता काही बेल्टांत कार्बनचे धागे असतात.

स्कूटीचा बेल्ट वेगळा, हे इथं सांगून टाकतो, नाहीतर चहाला विचाराल. कायनेटिक होंडापासून आजच्या स्कूटींपर्यंत बिनगिअरच्या गाडीत बेल्ट असतो, पण तो डब्यात बंद असतो आणि गिअरचं काम करतो. त्याच्या पुढं परत दातेरी चक्रं असतात. मी बोलतोय तो सरळ मागचं चाक ओढणारा, उघड्यावरचा बेल्ट. आपल्याकडं तो घरोघरी आला विजेच्या गाड्यांमुळं. २०१८ला एथर ४५०, २०१९ला रिव्होल्टची मोटारसायकल. एथरनं २०२४ मध्ये ऑरिक-बिडकीनला कारखाना जाहीर केलाय, म्हणजे आपल्या शेजारीच. उलट एका मोठ्या कंपनीनं नव्या स्कूटरला बेल्ट काढून परत चेन लावली. तेव्हा कोण जिंकलं हे इतक्यात सांगता येत नाही, आणि मला तरी ते सांगायची घाई नाही.

आता मूळ गोष्टीवर येतो.

आपली ही वर्गमैत्रीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. दहावीपर्यंत आम्ही एका वर्गात होतो, पण मुलं-मुली एकमेकांशी बोलायची आपल्याकडं पद्धत नव्हती, त्यामुळं तिच्याशी पहिलं वाक्य मी बोललो ते गॅरेज टाकल्यावर. ती मला "भाऊ" म्हणते. तिनं विजेची स्कूटर घेतली, रोजचं येणं-जाणं पन्नासेक किलोमीटर. २०२२च्या जानेवारीत मागचा टायर बदलायला गाडी माझ्याकडं लावली.

चाक काढलं, बेल्ट निघाला. टायर बाजारात नव्हता, दोन दिवस लागले. बेल्ट मी जिथं चेन टांगतो त्याच खिळ्यावर टांगला. वरून कुणीतरी जुन्या चेनांचा जुडगा अडकवला. तिसऱ्या दिवशी बेल्ट बसेना. खरं म्हणजे मागचा अ‍ॅक्सल पुरता सैल करून चाक पुढं घ्यायचं असतं, मग बेल्ट हातानं बसतो. मी घाईत स्क्रू ड्रायव्हर घालून कडेनं चढवला. आणि चेनच्या हिशेबानं ताण दिला, वर थोडा जास्तच, परत सैल व्हायला नको म्हणून.

आठवड्यानं ती आली. म्हणाली, "भाऊ, गाडी चढाला गाणं म्हणतीय. आधी म्हणत नव्हती." मी खाली वाकलोसुद्धा नाही. म्हणालो, नवीन टायर आहे, आवाज करणारच.

मार्चमध्ये एका संध्याकाळी ती सासूबाईंना बीडला डोळ्याच्या डॉक्टरकडं दाखवून परत येत होती. मांजरसुंब्याच्या घाटात, चढावर, फाट्कन आवाज झाला. मोटार नुसती भणाणली, चाकाला जोर नाही आणि गाडी मागं सरकायला लागली. मागं उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर. तिनं दोन्ही ब्रेक दाबले. ट्रॅक्टरवाल्यानं डोंगराच्या अंगाला दाबून घेतलं म्हणून आज ती इथं बसलेली आहे. गाडी आडवी झाली. सासूबाईंचं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर होतं.

गाडी टेम्पोत घालून माझ्याकडं आणली. बेल्ट तुटलेला. मी हातात घेतला आणि म्हणालो, "कंपनीचा माल हलका आहे. यात आपण काय करणार?" नवा बेल्ट आणि मजुरी मिळून तिच्याकडून साडेतीन हजार घेतले. तिनं शाळेत सांगितलं, भाऊ म्हणतात माल हलका. दोन शिक्षकांनी गाडी घ्यायचा विचार सोडला. मला तर ते बरंच वाटलं, कारण विजेच्या गाड्यांवर माझा तेव्हा रागच होता. तुटलेला बेल्ट मी भिंतीवर लावून ठेवला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला.

२०२४च्या पावसाळ्यात पुण्याला विजेच्या गाड्यांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, पोराच्या आग्रहानं गेलो. शिकवणारा मुलगा माझ्या मुलाच्या वयाचा. त्यानं टेबलावर तुटलेले बेल्ट मांडले आणि म्हणाला, बेल्ट कसा मेला ते त्याची कड सांगते. दात सोलून निघाले असतील तर बेल्ट सैल होता, पुलीवरून उड्या मारत होता. कड वेडीवाकडी, तिरकी फाटली असेल तर मोठा झटका बसला. मधेच भोक असेल तर खडा अडकला. आणि दोन दातांच्या मधून सुरीनं कापल्यासारखी सरळ तुटली असेल, तर बेल्ट गाडीवर मेलेला नाही, त्याआधीच कुणीतरी तो वाकवला. आतले धागे ओढायला पोलादासारखे, पण घडी पडली की काचेसारखे तुटतात. वरून काही दिसत नाही. महिना, दोन महिने चालतो आणि एक दिवस चढावर जातो.

मी दुपारचं जेवलो नाही. रात्री उशिरा गावाला पोचलो तो घरी न जाता आधी गॅरेज उघडलं. बेल्ट भिंतीवर होता, खिळ्यावरच. बॅटरी लावून बघितलं. कड सरळ होती. आणि त्या क्षणी मला अण्णा आठवले, गालसुद्धा आठवला.

इथं मी लगेच तिच्याकडं गेलो असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. मी एक वर्ष गप्प बसलो. बेल्ट भिंतीवरून काढला आणि कपाटात ठेवला, एवढंच केलं. ती दोनदा गॅरेजवर येऊन गेली, मी तिसरंच बोललो. या मेळाव्याचा ग्रुप झाला तेव्हा तिनं त्यावर लिहिलं की आपल्यात एक असा मेकॅनिक आहे की डोळे झाकून गाडी द्यावी. ते वाचल्यावर मात्र मला बसवेना.

ऑगस्टमध्ये तिच्या घरी गेलो. तिला सगळं सांगितलं, साडेतीन हजार पुढं ठेवले. तिनं पैसे मोजून घेतले. मला ते बरं वाटलं. मग म्हणाली, "माझं सोड. आत बसल्यात, त्यांना तू स्वतः सांग." सासूबाई पंच्याऐंशीच्या पुढं आहेत, मनगट अजून पुरतं वळत नाही. त्यांना बेल्ट म्हणजे काय ते कळेना. मी म्हणालो, आजी, आमच्या गिरणीत पट्टा होता ना, तसाच. तेव्हा लगेच म्हणाल्या, "पट्टा कशावर टांगला होता?" मी म्हणालो, खिळ्यावर. त्या म्हणाल्या, "मग? तुझा बाप तर ओंडक्यावर टांगायचा." तीस-पस्तीस वर्षांपूर्वी दळण घेऊन यायच्या तेव्हा बघितलेलं होतं त्यांनी. चहा दिला. माफ केलं का नाही, ते काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

आता तुमच्यापैकी ज्यांच्याकडं अशा गाड्या आहेत त्यांच्यासाठी कामाचं बोलतो. बेल्टला देखभाल लागत नाही, असं विकणारे सांगतात. ते खरं नाही. तेल लागत नाही, लक्ष लागतं. तेल, ग्रीस, डिझेल काहीच लावू नका. माती बसली तर साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश. आपल्या रस्त्यांवर खडी फार, तेव्हा आठवड्यातून एकदा चाक हातानं फिरवून पुलीच्या दातांत खडा बसलाय का बघा. बेल्टखालचं प्लास्टिकचं कव्हर आवाज करतं म्हणून काढून फेकू नका, ते खड्यासाठीच असतं. कडेचे धागे निघाले असतील, दाताच्या मुळाशी चीर असेल, तर बेल्ट बदला. चेनसारखं लॉक टाकून गावाला पोचायची सोय इथं नाही.

ताण किती, हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. मधोमध ठराविक जोरानं दाबल्यावर किती दबला पाहिजे, असा तो हिशेब असतो. चाक फिरवून चार-पाच ठिकाणी बघायचं आणि जिथं सगळ्यात घट्ट लागतो तिथं मोजायचं. अ‍ॅक्सलचा नट आवळला की परत मोजायचं, कारण आवळताना ताण बदलतो. जास्त घट्ट ठेवला की बेअरिंग जातं आणि गाडी गाणं म्हणते. ते गाणं ऐका. सरांनी तार ताणून सूर चढवून दाखवला होता, तेच इथं आहे. आता तर बेल्टला टिचकी मारून त्याच्या कंपनावरून ताण मोजायची यंत्रं निघाली आहेत. माझ्याकडं यंत्र आहे, पण आधी मी गाडीवाल्याला विचारतो, आवाज बदललाय का? रोज बसणाऱ्याचा कान यंत्राच्या आधी सांगतो. तिनं सांगितलं होतं.

आणि टायरवाल्याकडं गाडी लावली तर पाच मिनिटं तिथं उभे राहा. बेल्ट वाकवू देऊ नका, उलटा करू देऊ नका, पान्यानं चढवू देऊ नका.

तरुण पोरं येतात, म्हणतात स्प्लेंडरला बेल्ट बसवून द्या. मी नाही म्हणतो. चेनचं लॉक उघडतं, बेल्ट अखंड असतो, त्यासाठी मागचा चिमटा उतरवावा लागतो. बेल्ट चेनपेक्षा रुंद, तो टायरला घासणार. आणि पुढं १४ दातांचं बारकं स्प्रॉकेट असतं, तेवढ्या बारक्या पुलीवर बेल्ट वळवायचा म्हणजे परत तीच घडी, दर फेऱ्याला. पुली मोठी करावी तर मागची तिच्या तिप्पट करावी लागते, ती बसणार कुठं? माझं मत विचाराल तर उसाच्या फडावर जाणाऱ्याला कव्हरमधली, ऑइल दिलेली चेनच बरी. गावात आणि डांबरी रस्त्यावर रोज चालवणाऱ्याला बेल्ट चांगला, मी बायकोला बेल्टचीच गाडी घेतलीय.

गिरणी बंद होऊन वीस वर्षं झाली. पत्रे उडाले, भिंती अजून आहेत. परवा पोराला घेऊन गेलो आणि तो बाभळीचा ओंडका पहारीनं काढून आणला. गॅरेजात बसवलाय. बेल्ट आता त्याच्यावरच टांगतो. पोरानं विचारलं, एवढा जाड कशाला? मी त्याला कानाखाली न देता सांगितलं.

तो तुटलेला बेल्ट मी पिशवीत आणलाय, चहाच्या टेबलावर ठेवतो. हात लावून कड बघा, सरळ आहे. शेजारी एक नवा बेल्टही आहे, तो मात्र कुणी वाकवून बघू नका, उद्या सकाळी एका गाडीला बसवायचाय.